देवापुढचा डबा

सिस्टर पाच वाजता येणार होत्या, आणि आत्ताच दोन वाजून गेले होते.

काल जाताना, दारात चपला चढवता चढवता त्या म्हणाल्या होत्या, "बाई, वाईट वाटून घेऊ नका असं मी म्हणणार नाही. वाटणारच. पण उद्या मी येईपर्यंत एक कप, अख्खा एक कप यांच्या पोटात गेलेला असला पाहिजे. नाहीतर मी गाडी बोलावणार. नऊ दिवस झाले हो."

गाडी म्हणजे दवाखाना, आणि दवाखाना म्हणजे नाकातली नळी. ती नळी पहिल्या आठवड्यात एकदा होऊन गेली होती. मिस्त्रींची उजवी बाजू गेली, वाचा गेली, पण डावा हात शाबूत होता. त्या हाताने त्यांनी नळी दोनदा उपसून काढली. तिसऱ्यांदा घातली तेव्हा दवाखान्यातल्यांनी तो हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधला. तीस वर्षं उंच उंच इमारतींच्या लिफ्ट उघडून, अंधारात चाचपून बिघाड शोधणारा हात. बांधलेला असतानाही त्याची बोटं दिवसभर हलत राहिली, कुठलातरी न दिसणारा स्क्रू आवळत असल्यासारखी. बायकोने ते पाच दिवस पाहिलं. पुन्हा पाहायची तिच्यात ताकद नव्हती. 

गिळता येत नव्हतं असं नाही. घसा तपासून झाला होता. घोट लहान हवा, हनुवटी खाली हवी, एवढंच. घरी आणल्यावर बाकीचं अन्न मिस्त्री जेमतेम चिवडायचे, पण कॉफी घ्यायचे. दूध घातलेली, त्यात डॉक्टरांनी दिलेली ताकदीची पावडर कालवलेली, दिवसातून पाच कप. त्या पाच कपांवर माणूस उभा होता. आणि नऊ दिवसांपूर्वी एका सकाळी तिने कप ओठांजवळ नेला तेव्हा त्यांनी मान फिरवली. कप ओठाला लागायच्याही आधी. तेव्हापासून गोळ्यांबरोबर दिवसभरात थोडं थोडं पाणी, आणि बाकी तोंड शिवल्यासारखं बंद. कॉफी गेली तसं बाकीचंही गेलं. मग पुढ्यात काहीही आलं, तरी ते संशयानेच बघायचे.

"दे मला, मी बघते," खाटेशी बसलेल्या नणंदेने कप मागितला. ती मिस्त्रींची मोठी बहीण. दुपारची तीन तास येऊन बसायची. सगळे तिला ताईच म्हणत. "ए शहाण्या, लहानपणी मार खाऊन दूध प्यायचास ना? आता बहिणीचे हातपाय दुखतात म्हणून मारत नाही. घे."

मिस्त्रींनी मान फिरवली. आणि डावा हात उचलून भिंतीकडे दाखवलं.

भिंतीत देवाचा कोनाडा होता.

"बघा ताई," ती हळूच म्हणाली, "पुन्हा तिकडेच दाखवतायत."

"जन्मात कधी देवाला नीट हात जोडला नाही यानं," ताई डोळे टिपत म्हणाली. "तुझीच पुण्याई गं बाई."

ती उठली, कोनाड्यापाशी गेली, आणि आणखी एक उदबत्ती लावली. गेले नऊ दिवस असंच चाललं होतं. त्यांनी हात केला की एक उदबत्ती. कधी दोन. धुराची बारीक रेघ वर जाऊन छताला लागायची आणि मग सगळ्या खोलीत पसरायची. तिला त्या वासाचं काही वाटेनासं झालं होतं. सव्वीस वर्षं सकाळ-संध्याकाळ ती तिथेच बसत आली होती.

खाटेवर मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या घशातून एक आवाज आला, गाडी चढावर अडकल्यावर येतो तसा.

"वास बघितलास का, किती समाधान वाटलं त्याला," ताई म्हणाली.

ती कप घेऊन स्वयंपाकघरात आली आणि तिने कॉफी मोरीत ओतली. आजची ही तिसरी. ओट्यावर नऊ दिवसांचा आटापिटा मांडून ठेवल्यासारखा दिसत होता: कागदी गाळण्यांचं अर्धं खोकं, शेजारणीकडून आणलेली बारीक जाळीची धातूची गाळणी, दट्ट्या दाबून चोथा खाली बसवायचं काचेचं भांडं, आणि तिने स्वतः शिवलेली कापडाची पिशवी, काठाला तार घातलेली. मिस्त्री कायम कापडानेच गाळायचे. सकाळची कॉफी हे घरातलं त्यांचं एकट्याचं काम होतं. तिला चुलीजवळ फिरकू द्यायचे नाहीत. त्यांची जुनी पिशवी, चहाच्या रंगाची झालेली, ते दवाखान्यात असताना ताईने घर आवरताना "ही कसली घाणेरडी चिंधी" म्हणून टाकून दिली होती. म्हणून तिने नवी शिवली. टाक्यागणिक देवाचं नाव घेत शिवली.

तिने फोन लावला. पलीकडे मिस्त्रींचा जुना दोस्त, कॉफीवाला. तीस वर्षं त्याने लिफ्टच्या ऑफिसाखालच्या फुटपाथवर कॉफीची गाडी लावली. आता तो दुसऱ्या गावी, मुलीकडे राहायला गेला होता.

"हां वहिनी. उघडलं का तोंड आमच्या मिस्त्रीनं?"

"नाही हो भाऊजी. आज तीनदा केली."

"कशातून गाळली?"

"सकाळी कागदातून. मग जाळीतून. आत्ता कापडातून."

"बरं. पुन्हा एकदा ऐका, मी तुम्हाला घाईघाईत सांगितलं असेल. कागद म्हणजे कंजूष सासरा. कॉफीचं सगळं तेल स्वतः पिऊन बसतो, कपात हलकी, स्वच्छ कॉफी सोडतो. जाळी म्हणजे उधळ्या जावई. तेल येऊ दे, गाळ येऊ दे, काही अडवायचं नाही. अंगानं दाट, पण तळाशी चिखल. आणि कापड म्हणजे समजूतदार सून. गाळ ठेवून घेते, तेलाला थोडी वाट देते. त्याला सूनच आवडायची. कापडाला साबण नाही ना लावला?"

"देवाशपथ नाही. तीनदा उकळत्या पाण्यातून काढलं."

"मग गाळणीचा दोष नाही. आता सांगा, चवीला कशी लागते? आंबट की कडू? आंबट असेल तर कच्ची उतरली. पाणी अजून गरम घ्या, जरा जास्त वेळ मुरू द्या. कडू असेल तर जास्त उतरली. पाणी निवू द्या, लवकर गाळा. बाकी सगळं पोथीपुराण. जीभच सांगते काय ते."

तिने चमचा उचलला आणि परत खाली ठेवला.

"वहिनी? गेलात का?"

"मी घेत नाही, भाऊजी. मी सोडलीये."

"सोडलीये म्हणजे?"

मग तिने सांगितलं. हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्या संध्याकाळी ते पडले, त्या संध्याकाळी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून तिने देवाला सांगितलं होतं की हे बोलतील, एक शब्द तरी बोलतील, तोवर कॉफीचा थेंब जिभेला लावणार नाही. दुसरं काही सोडावं असं तिच्यापाशी नव्हतंच. सव्वीस वर्षं दिवसाचा पहिला कप त्यांनी तिच्या हातात दिला होता. त्याहून लाडकं काही असतं तर तेच सोडलं असतं.



"म्हणजे नऊ दिवस तुम्ही डोळ्याला पट्टी बांधून आंधळी कोशिंबीर खेळताय," कॉफीवाला म्हणाला. त्याचा आवाज थट्टेचा नव्हता. "मी तुमच्या नि देवाच्या मध्ये पडत नाही वहिनी, माझी तेवढी लायकी नाही. दुसरं कुणी चाखणारं आहे का घरात?"

"ताईंनी चाखली परवा."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, औषधासारखी लागते. पण त्यांना कॉफी कायमच औषधासारखी लागते. त्या लग्नातसुद्धा गरम पाणी पितात."

"मग काय कपाळ," तो म्हणाला.

साडेतीन झाले. तिने चौथी केली. पाणी खळखळ उकळलेलं, कापडातून. मिस्त्रींनी मान फिरवली आणि कोनाड्याकडे हात केला. तिने उदबत्ती लावली. चार वाजायला दहा कमी असताना पाचवी केली, पाणी निववून, कागदातून. या वेळी तिने धीर करून चमचा ओठांवर टेकवला. मिस्त्रींनी डाव्या हाताने चमचा उडवला. चादरीवर तपकिरी डाग पडला.

"मला शिक्षा देताय का?" ती एकदम ओरडली. स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकली. या घरात तो आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. "काय केलं मी? काय चुकलं ते तरी सांगा. बांधतील हो ते हात तुमचा. बांधतील!"

ताई उठून उभी राहिली. मिस्त्री बायकोकडे बघत राहिले. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, आणि हात पुन्हा वर झाला. कोनाड्याकडे. नेम अगदी सरळ होता. मिस्त्री बिघडलेला पुर्जा दाखवायचे तसा.

ती स्वयंपाकघरात जाऊन फरशीवरच बसली.  ओट्याच्या कडेवर पाचव्या कॉफीचा उरलेला कप होता, अजून कोमट.

खूप वेळ तिने त्या कपाकडे पाहिलं. नेम मोडला तर त्यांची वाचा गेली, हे तिला लख्ख ठाऊक होतं, कोरून ठेवल्यासारखं. आणि नेम पाळला तर एका तासात त्यांचा हात बांधणार होते. दोन्हीकडून तेच मरत होते. देवा, ती मनात म्हणाली, मी हे स्वतःसाठी घेत नाही. पण ते म्हणतानाही तिला कळत होतं की देवाशी ही वकिली चालत नाही. नेम म्हणजे नेम. तिने मोडायचा तो डोळे उघडे ठेवून मोडला. कप उचलला आणि एक घोट घेतला.

घोट गिळलाच गेला नाही.

कॉफी नंतर आली, मागून, लांबून. आधी आली उदबत्ती. जिभेवर, टाळूवर, नाकाच्या मुळाशी, चंदनाचा नि धुराचा जाड गोडसर लेप बसला. जणू कुणी देवाचा कोनाडाच पाण्यात उकळून दिला होता. तिने मोरीत थुंकलं आणि वाकलेली तशीच राहिली.

मग तिला सगळं दिसलं. महिना झाला तरी शब्द फुटला नाही, तेव्हा तिने आणखी एक नेम धरला होता: त्यांच्या पोटात जाणारी प्रत्येक वस्तू आधी देवापुढे राहील. कॉफीचा डबा, त्याचं झाकण ढिलं. कागदी गाळण्यांचं खोकं. कापडाची पिशवी तर रोज रात्री कोनाड्यातच वाळायची, उदबत्तीच्या बरोबर वर. तो नेम धरला, आणि दुसऱ्याच सकाळी मिस्त्रींनी मान फिरवली. तिने गाळणी बदलली, पाणी बदललं, वेळ बदलला. डबा तिथेच राहिला. आणि ते रोज, दिवसातून पाचदा, बोटाने दाखवत होते. तिथे. बिघाड तिथे आहे. आणि ती दर वेळी तिथे आणखी एक उदबत्ती लावत होती.

"ताई," तिने दारातून सांगितलं, "सगळ्या खिडक्या उघडा. आणि ती उदबत्ती विझवा."

"विझवा? अगं, अशी मधेच..."

"पाण्यात बुडवा ताई. पाप माझं."

चार वाजून दहा. मिस्त्री पडले तेव्हापासून इमारतीची लिफ्ट बंद होती. दुसऱ्या कुणाला तिचा स्वभाव कळत नव्हता. ती चार मजले उतरली, कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि कॉफीचं पाकीट मागितलं. दुकानदाराने दिलेलं पाकीट तिने नाकाला लावलं. मग दुसरं मागितलं, तेही नाकाला लावलं.

"बंद पाकीट आहे हो," दुकानदार म्हणाला. "वास कुठून येणार?"

"येतो," ती म्हणाली. "तुम्हाला नाही माहीत, कुठून कुठून येतो."

चार मजले चढून ती वर आली तेव्हा छातीचा भाता झाला होता. पाकीट फोडलं. पूड अगदी बारीक, पिठासारखी. जाळीतून घेतली तर सगळा गाळ कपात उतरणार, आणि गाळ घशात अडकला की मिस्त्रींना ठसका. ठसक्याचं भय डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी घातलेलं. म्हणजे कापडच हवं. पण कुठलं? देवापुढची पिशवी तिने हातातसुद्धा घेतली नाही. कपाटातून त्यांचा धुतलेला रुमाल काढला. त्याला डांबरगोळ्यांचा वास. पंच्याला साबणाचा. स्वतःच्या ओढणीला तर तोच, चंदनाचा. सगळ्या घरात ती नाक लावत फिरली, आणि ताई दारात उभी राहून, हिचं डोकं फिरलं की काय अशा नजरेने बघत राहिली. शेवटी शिवणाच्या डब्यात पिशवीच्या कापडाचा उरलेला तुकडा सापडला. कोरा. त्याला कशाचाच वास नव्हता. एवढं सुंदर काही तिने बऱ्याच दिवसांत हुंगलं नव्हतं.

तुकडा उकळत्या पाण्यातून काढला, जाळीत पसरला, पूड घातली आणि वरून तेच उकळतं पाणी ओतलं. पाणी अडून अडून, थेंब थेंब उतरलं. तिने चमचाभर घेऊन पाहिलं. उदबत्ती नव्हती. पण कडू. जीभ आखडेल इतकी कडू.

कडू म्हणजे जास्त उतरली. पाणी निवू द्या, लवकर गाळा.

चार चाळीस.

तिने पाणी पुन्हा तापवलं, उतरवलं, झाकण काढून ठेवलं. किती निवू द्यायचं ते कळेना. मग हात आपसूक जपमाळेकडे गेला. एक माळ होईपर्यंत पाणी निवू दिलं. तिच्या आयुष्यातली ही सगळ्यात अवघड माळ. मणी घसरत होते, नाव तोंडात होतं आणि डोळे वाफेवर. मेरुमणी आला तशी तिने पूड थोडी कमी घेतली, पाणी एका धारेने ओतलं, आणि थेंब मंदावले त्याच क्षणी कापड उचलून बाजूला केलं. शेवटचं पाणी पिळलं नाही.

चव घेतली. या वेळी जिभेवर कॉफी आली आणि कॉफीच राहिली. थोडी कडू, कडेने किंचित गोड, मागे भाजलेल्या दाण्याचा वास. त्यांच्या हातची नव्हती. पण तिच्या घरातली होती. तिचे डोळे भरून आले, आणि ते कशासाठी हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. इतक्या दिवसांनी जीभ सुखावली होती, आणि त्या सुखाचीच तिला भीती वाटत होती.

दूध घातलं, पावडर कालवली. घंटी वाजली.

"पाचला पाच कमी आहेत," सिस्टर आत येत म्हणाल्या. खिडक्या उघड्या बघून थबकल्या. "अरे वा, आज हवा आली घरात." मग खाटेकडे बघून त्यांचा चेहरा गंभीर झाला. "नाहीच ना?"

"पाच मिनिटं द्या मला," ती म्हणाली. "फक्त पाच."

सिस्टर खुर्चीवर बसल्या. पिशवी मांडीवर, फोन हातात.

तिने मिस्त्रींच्या मानेखाली हात घातला. कप लांबच धरला, ओठांजवळ नेला नाही. "आधी वास घ्या," ती कुजबुजली. "चुकलं माझं. तिथला डबा नाही वापरला. कळलं मला, उशिरा कळलं."

मिस्त्रींनी मान फिरवायला सुरुवात केली होती. ती मध्येच थांबली. नाकपुड्या फुलल्या. एकदा, दोनदा. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि हनुवटी खाली घेतली, डॉक्टरांनी शिकवली होती तशी.

पहिला घोट गेला. गळ्यातली घाटी वर गेली, खाली आली. ताईने तोंडावर पदर दाबला. दुसरा गेला. चौथ्याला ठसका लागला, आणि सिस्टर अर्ध्या उठल्या. पण ठसका शमला आणि मिस्त्रींनी स्वतःच डाव्या हाताने कप धरला. तिच्या बोटांवर त्यांची बोटं. सगळा कप संपायला वीस मिनिटं लागली. कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही, सिस्टर सोडून.

"आज राहू दे गाडी," त्या म्हणाल्या आणि फोन पिशवीत टाकला. "पण एका कपानं काही होत नाही बाई. रात्री एक द्या. उद्या मी पुन्हा पाचला येते." दारात थांबून त्यांनी विचारलं, "काही बोलले का?"

"नाही," ती म्हणाली.

मिस्त्री झोपी गेले होते. ताईही गेली. भांड्याच्या तळाशी दोन घोट कॉफी उरली होती, गार. ती तिने ओतली नाही आणि घेतलीही नाही.

दिवेलागणीला ती कोनाड्यापाशी गेली. डबा तिथून काढला तेव्हा खाली लाकडावर धुराने आखलेला गोल दिसला. तिने दिवा लावला. उदबत्तीचा पुडा हातात घेतला आणि परत ठेवला. आज मागायला तोंड नव्हतं; ज्याच्या बदल्यात मागायचं, ते तिने दुपारीच खर्चून टाकलं होतं. नवं काही सोडावं, तर काय सोडावं तेही सुचेना. ती नुसतीच बसली, रिकामे हात मांडीवर ठेवून.

मागे खाटेवर हालचाल झाली. तिने वळून पाहिलं. मिस्त्री जागे होते. दिव्याकडे बघत होते. ती त्यांच्या डाव्या हाताकडे बघत राहिली, तो आता उचलतो का म्हणून.

हात चादरीवरच होता. बोटं हळूहळू हलत होती, काहीतरी आवळत असल्यासारखी.

ती उठली, आणि रात्रीच्या कपासाठी पाणी ठेवायला गेली.